कलिवर्ज्य: शास्त्रात आहे, पण करायचं नाही. हे कुणी आणि कसं ठरवलं?

ओसरी

आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती विधींच्या वैदिक ग्रंथातलं मधुपर्काचं, म्हणजे पाहुण्याच्या सत्काराचं, प्रकरण 'नामांसो मधुपर्को भवति' या वाक्यावर संपतं. म्हणजे मांसाशिवाय मधुपर्क होतच नाही. आज लग्नात वराला मधुपर्क देतात तो दही-मधाचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचा हिशेबच मांडलाय: माशाने पितर दोन महिने तृप्त राहतात, हरणाच्या मांसाने तीन, मेंढ्याच्या चार, पक्ष्याच्या पाच. श्राद्धाला बसून मांस नाकारणारा एकवीस जन्म पशू होतो, अशी तंबी पाचव्या अध्यायात आहे. त्याच मनूला प्रमाण मानणाऱ्या भटजींसमोर आज श्राद्धात मांस वाढलं तर ते पानावरून उठतील.

नियोगाचं (दिरासारख्या आप्तापासून संतती मिळवण्याचं) तेच, थोरल्या भावाच्या जादा वाट्याचं तेच, बारा प्रकारच्या पुत्रांचं तेच. विचारलं की एकच उत्तर मिळतं: 'ते कलिवर्ज्य आहे', म्हणजे कलियुगात करायचं नाही. पण हे वर्ज्य केलं कुणी? वेद अपौरुषेय आणि नित्य मानायचे, आणि त्यांनी सांगितलेलं कर्म बंद करायचं, हे मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या, पचनी कसं पडलं? यादी एकच आहे की अनेक? आणि एखाद्या आचाराचा असा माग काढायचा तर ग्रंथ कोणत्या क्रमाने उघडायचे? 'पूर्वी सगळं चालत होतं' आणि 'पूर्वी असलं काही नव्हतंच' ही दोन्ही ठोकळेबाज उत्तरं ऐकून झाली आहेत, ती सोडून सांगा.

तळटीप

'रद्द केलं' हा शब्द आधी बाजूला ठेवा. धर्मशास्त्रात कुठलाही विधी रद्द होत नाही. त्याचा अधिकारी बदलतो, काळ बदलतो, देश बदलतो. विधी खराच राहतो, फक्त तो तुमच्यासाठी नसतो. कलिवर्ज्याची सगळी यंत्रणा या एका खिळ्यावर टांगलेली आहे.

खिळा मनूनेच ठोकलाय. पहिल्या अध्यायातला ८५वा श्लोक: कृतयुगात धर्म वेगळे, त्रेतात वेगळे, द्वापरात आणि कलीत आणखी वेगळे, 'युगह्रासानुरूपतः'. माणसाचा वकूब घटत जातो तसा धर्मही बदलतो. इथे मनूने एकही आचार नाव घेऊन बंद केलेला नाही, दार तेवढं उघडून ठेवलंय. पराशरस्मृती त्या दारातून आत शिरते आणि सांगते की कृतात मनूचे धर्म, त्रेतात गौतमाचे, द्वापरात शंखलिखितांचे आणि कलीत पराशराचे. पतिताशी संपर्क आला तर काय सोडायचं, याचीही तिथे उतरती भाजणी आहे: कृतात देश सोडावा, त्रेतात गाव, द्वापरात ते कुळ, आणि कलीत फक्त पाप करणारा माणूस. म्हणजे इथे युगाच्या नावाखाली नियम सैल झालाय, हे लक्षात असू द्या.

नाव घेऊन बंदी घालणारे श्लोक नंतरचे. सगळ्यांत प्रसिद्ध हा:

अग्निहोत्रं गवालम्भं संन्यासं पलपैतृकम् ।
देवराच्च सुतोत्पत्तिं कलौ पञ्च विवर्जयेत् ॥

अग्निहोत्र, यज्ञातला गोवध, संन्यास, श्राद्धातलं मांस आणि दिरापासून संतती, अशा पाच गोष्टी. काही ठिकाणी पहिला शब्द 'अश्वालम्भं' असा आहे, त्यामुळे वाद घालण्याआधी समोरच्याच्या हातात कोणता पाठ आहे ते बघावं. पुढे यादी फुगत गेली. स्मृतिचंद्रिका, देवगिरीच्या यादवांकडच्या हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी, मग माधवाची पराशरावरची टीका, असं करत सतराव्या शतकापर्यंत पन्नासच्या वर बाबी जमल्या. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) त्या एकत्र करून एकेक तपासल्या आहेत. त्यांची मोजणी ५५च्या आसपास जाते.

'कुणी केलं' याचं उत्तर यादीच्या शेवटी येतं, आणि मला तो सगळ्यांत धीट भाग वाटतो. लोकांच्या रक्षणासाठी कलीच्या आरंभी महात्म्यांनी व्यवस्था लावून ही कर्मं थांबवली, आणि 'समयश्चापि साधूनां प्रमाणं वेदवद्भवेत्'. समय म्हणजे संकेत, सज्जनांनी मिळून केलेला ठराव. हा ठराव वेदासारखाच प्रमाण! याला आधार नाही असं नव्हे. आपस्तंब धर्मसूत्राच्या आरंभीच 'धर्मज्ञसमयः प्रमाणम्' असं म्हणून लगेच 'वेदाश्च' म्हटलंय. धर्म जाणणाऱ्यांचा संकेत आधी, वेद नंतर. निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्यांनी, तोच धागा पकडला.

आता कालगणनेचा घोळ. परंपरेने कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२. ठराव तेव्हाच झाला असेल तर जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दोन अश्वमेधांची नोंद कशी? तो लेख इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा. बदामीच्या पहिल्या पुलकेशीचा शके ४६५चा लेखही अश्वमेधाचाच अभिमान मिरवतो. या राजांच्या पुरोहितांना कलीत अश्वमेध वर्ज्य असल्याचा पत्ता नव्हता, कारण तो श्लोक अजून झालाच नव्हता. मध्ययुगातला निर्णय कलीच्या पहिल्या दिवसावर नेऊन ठेवला, एवढाच याचा अर्थ.

शेवगाशेंग

तळटीप यांनी चौकट नीट मांडली. पण श्लोक आधी आले आणि आचार मागून थांबला असा समज होऊ नये. बहुतेक ठिकाणी उलटं आहे. त्यासाठी विज्ञानेश्वराची याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, मिताक्षरा, बघा. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळातला, म्हणजे ११०० च्या आसपासचा. त्याचं हत्यार कलिवर्ज्य नव्हे, 'लोकविद्विष्ट' हे आहे.

हा शब्द याज्ञवल्क्याचा, आचाराध्याय १५६: 'अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु'. धर्माने सांगितलेलं असलं तरी लोकांना ज्याचा तिटकारा आहे ते करू नये. मनूच्या चौथ्या अध्यायातही हीच समजूत आहे.

विज्ञानेश्वर हे कुठे लावतो बघा. याज्ञवल्क्य म्हणतो, घरी श्रोत्रिय (वेद शिकलेला ब्राह्मण) आला तर त्याच्यासाठी मोठा बैल किंवा मोठा बोकड 'उपकल्पयेत्', म्हणजे सिद्ध करावा. साध्या वाचनात अर्थ उघड आहे. विज्ञानेश्वर सांगतो की 'हा तुमच्यासाठीच आहे' असं फक्त म्हणायचं, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. द्यायचाही नाही आणि मारायचाही नाही. आपण 'घर तुमचंच आहे' म्हणतो, तसं. वर व्यवहारी कारण जोडतो: येणाऱ्या प्रत्येक श्रोत्रियाला एकेक बैल आणायचा कुठून? आणि त्याखाली लोकविद्विष्टाचा श्लोक. म्हणजे एकाच वाक्यासाठी तीन कुलपं. टीकाकार अशी तीन-तीन कारणं देऊ लागला की समजावं, निर्णय आधी झालाय आणि कारणं मागून गोळा होत आहेत.

आणि हे अगदी आभाळातून पडलेलं नाही. आश्वलायनाच्या त्याच मधुपर्कात पाहुण्यासमोर गाय आणल्यावर त्याला दोन पर्याय आहेत: 'करा' म्हणावं, किंवा 'माता रुद्राणाम्' हा ऋग्वेदातला मंत्र म्हणून 'सोडा' म्हणावं. निष्पाप गाईला मारू नका, असं त्याच मंत्रात आहे. पुढच्यांनी दुसरा पर्याय ठेवला आणि पहिला गाळला. जुन्या ग्रंथातली अशी फट सापडली की बदल सोपा जातो.

वाटणीचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे, कारण त्यात पैसे आहेत. मनूच्या नवव्या अध्यायात (श्लोक ११२) 'उद्धार' सांगितलाय. एकूण मालमत्तेतून थोरल्याला विसावा भाग आधी काढून द्यायचा, मधल्याला त्याच्या निम्मा म्हणजे चाळिसावा, धाकट्याला ऐंशीवा. उरलेलं समान वाटायचं. २४०० नाणी आणि तीन भाऊ धरा. थोरल्याला आधी १२०, मधल्याला ६०, धाकट्याला ३०, मिळून २१० गेले. उरले २१९०, प्रत्येकी ७३०. शेवटी थोरला ८५०, मधला ७९०, धाकटा ७६०. समान वाटणीत प्रत्येकाला ८०० आले असते. म्हणजे थोरल्याचा फायदा पन्नासाचा, आणि तो मधल्याच्या दहा व धाकट्याच्या चाळीस नाण्यांतून आलेला. शिवाय चांगली वस्तू निवडायचा मान थोरल्याचा, हे वेगळंच.

व्यवहाराध्यायात विज्ञानेश्वर या विषम वाटणीवर जे म्हणतो ते मासलेवाईक आहे: खरं आहे, हे शास्त्रात दिसतं, तरी लोकविद्विष्ट म्हणून करू नये. मग दाखला देतो की यज्ञात वशा (वांझ) गाय मारण्याचा विधी असूनही लोकांना नको म्हणून कुणी तो करत नाही. आणि एक जुना श्लोक उद्धृत करतो, ज्यात नियोग, यज्ञातला गोवध आणि उद्धाराची वाटणी एकाच दावणीला बांधल्या आहेत आणि 'नैव सम्प्रति वर्तते', हल्ली चालत नाही, असं सरळ म्हटलंय. शास्त्रकार 'हल्ली' हा शब्द वापरतो, हे फार थोड्या जागी दिसेल.

पुढे 'ज्येष्ठांश' कलिवर्ज्याच्या यादीत बसला. पण यादीने तो थांबवला नाही. धाकट्या भावांनी थांबवला, यादीने त्यावर शिक्का मारला.

नियोगाचंही क्रमाने वाचा. मनूच्या नवव्या अध्यायात ५९ ते ६३ या श्लोकांत नियोगाची रीत आहे, आणि ६४ ते ६८ मध्ये त्यालाच पशुधर्म म्हटलंय. एकाच अध्यायात पाठोपाठ. स्मृतिकार बृहस्पतीलाही ते खटकलं होतं. त्याने तोड काढली: मनूने स्वतःच सांगितलं आणि स्वतःच निषेधलं, कारण युग घसरल्यामुळे इतरांना ते विधिपूर्वक जमणार नाही. दोन थर सांधणारी ही युक्तीच पुढे कलिवर्ज्याचा गाभा झाली.

पाचुंदा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून असं वाटेल की ही यंत्रणा क्रूर आणि किळसवाण्या चाली मुकाट्याने गाळण्यासाठी होती. अर्धीच गोष्ट झाली ही. त्याच यादीत काय काय आहे ते बघा.

विवाहित स्त्रीचा पुनर्विवाह वर्ज्य. द्विजांनी दुसऱ्या वर्णाची मुलगी करणं वर्ज्य, जे मनूच्या तिसऱ्या अध्यायात अनुलोम क्रमाने (नवरा वरच्या वर्णाचा, बायको खालच्या) चालत होतं. मनू (४.२५३) सांगतो की शूद्रांपैकी अर्धेलीने शेत कसणारा, कुळाचा स्नेही, गुराखी, दास आणि न्हावी यांच्याकडचं अन्न चालतं. यादी म्हणते, कलीत नाही. आपस्तंब धर्मसूत्रात आर्यांच्या देखरेखीखाली शूद्रांनी स्वयंपाक करायला हरकत नाही. यादी म्हणते, कलीत नाही. समुद्रावरून प्रवास करून आलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही पंक्तीत घ्यायचं नाही. बारा प्रकारच्या पुत्रांपैकी औरस आणि दत्तक सोडून बाकी दहांना पुत्र म्हणून स्वीकारायचं नाही. कुमारिकेला झालेला कानीन, लग्नाच्या वेळी पोटात असलेला सहोढ, टाकून दिलेला अपविद्ध, ही सगळी मुलं एका ओळीत बेवारस. (मिथिलेत कृत्रिम पुत्राची चाल तरीही टिकली, ती वेगळी हकीकत.)

तेव्हा 'धर्म काळानुसार बदलतो' हे वाक्य ऐकून लगेच सुधारणेचा वास घेऊ नये. ज्या चावीने गोवध बाहेर ठेवला, त्याच चावीने विधवेचं लग्न आत कोंडलं.

त्या कुलपाचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. पराशरस्मृतीत (४.३०) श्लोक आहे:

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते ॥

नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित झाला तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. नारदस्मृतीतही हा श्लोक आहे. चौदाव्या शतकात माधवाने टीका करताना निकाल दिला की हा पुनर्विवाह 'युगान्तरविषय' आहे, म्हणजे दुसऱ्या युगातला. १८५५ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी नेमकं इथे बोट ठेवलं. पराशर स्वतः म्हणतो की माझी स्मृती कलीसाठी आहे, मग तिच्यातला नियम दुसऱ्या युगाचा कसा? याला विरोधकांकडे सरळ उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी, १८५६ साली, पुनर्विवाहाचा कायदा झाला.

विरोधकांनी मग व्याकरण काढलं. 'पति' शब्दाची सप्तमी एकट्याने 'पत्यौ' होते. 'पतौ' हे रूप पाणिनीच्या 'पतिः समास एव' या सूत्राप्रमाणे समासातच चालतं. म्हणून 'पतिते पतौ' असं न वाचता 'पतिते अपतौ' वाचा, मधला अ संधीत लुप्त आहे. 'अपति' म्हणजे अजून नवरा न झालेला, वाग्दान तेवढं झालेला. झालं! एका अवग्रहाने विधवा बाद, आणि श्लोक वाङ्निश्चय मोडण्यापुरता उरला. समर्थकांचं म्हणणं की ऋषींच्या भाषेत अशी रूपं सर्रास असतात, आणि 'मृत', 'प्रव्रजित', 'क्लीब' हे शब्द नवऱ्यालाच शोभतात.

पुण्यात १८७० साली याच विषयावर शास्त्रार्थ झाला. सुधारकांची बाजू विष्णुशास्त्री पंडित लढवत होते. निर्णय पुनर्विवाहाविरुद्ध गेला. त्यातून एक समजतं: वचन तुमच्या बाजूने असणं पुरत नाही, पंच कुठे बसलेत ते महत्त्वाचं. 'साधूनां समयः' प्रमाण ठरला की साधू कोण हे ठरवणारा खरा मालक होतो.

ओसरी

तिघांचेही आभार. दोन शंका. पहिल्या श्लोकात अग्निहोत्र आणि संन्यास दोन्ही वर्ज्य आहेत. पण अग्निहोत्री आजही आहेत, आणि शंकराचार्यांची पीठं तर संन्यासावरच उभी आहेत. मग यादी मोडली असं म्हणायचं का? आणि 'असं फक्त आपल्याकडेच' हेही कितपत खरं?

तळटीप

मोडली नाही, तिला पोटनियम लावला. देवलाच्या नावाने एक वचन पुढे आलं: जोवर वर्णविभाग आहे आणि जोवर वेद चालू आहे तोवर कलीतही संन्यास आणि अग्निहोत्र करावं. म्हणजे निषेध लागू होणार तो कली पूर्ण माजल्यावर. दुसरी वाट अशी की निषेध त्रिदंडी (तीन दंड धरणाऱ्या) संन्यासाला आहे, एकदंडीला नाही. विधीला निषेध, निषेधाला अपवाद, अपवादाला मर्यादा, आणि प्रत्येक पायरीवर कुणाच्या तरी नावाचं वचन.

मीमांसेच्या दृष्टीने हे गरजेचं होतं. श्रुती (वेद) आणि स्मृती यांचा विरोध आला तर स्मृती सोडायची, असा मीमांसेचा सूत्रकार जैमिनी याचा नियम. मग पुराणातला श्लोक श्रुतीतला यज्ञ कसा थांबवणार? नुसता विकल्प मानावा, करा किंवा करू नका, तर विकल्पाला आठ दोष लागतात असं मीमांसक स्वतःच मोजून सांगतात. उरते विषयव्यवस्था: हे वचन या काळाला, ते त्या काळाला. विरोध मिटला, दोन्ही वचनं जिवंत राहिली.

यादीला न जुमानता चाललेलं खरं उदाहरण मामेबहिणीशी लग्नाचं, आणि ते आपल्या दारातलं आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या पाच-पाच विचित्र चाली दिल्या आहेत. दक्षिणेकडे मामाची किंवा आत्याची मुलगी करणं, मुंज न झालेल्याबरोबर किंवा बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं. उत्तरेकडे लोकरीचा व्यापार, मद्यपान, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यवहार, शस्त्रावर पोट भरणं आणि समुद्रप्रवास. ज्याची चाल त्याने त्याच्या देशात केली तर दोष नाही, दुसऱ्याने केली तर दोष. गौतमाला हे मान्य नव्हतं. कुमारिलभट्टाने तर तंत्रवार्तिकात टोमणा मारलाय की दाक्षिणात्याला मामाची मुलगी मिळाली की तो खूश! ब्रह्मपुराणाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या यादीत मातृसपिंडातला, म्हणजे आईकडच्या जवळच्या नात्यातला, विवाह कलीत वर्ज्य आहे. तरी माधव दाक्षिणात्यच, त्याने वेदातला मंत्र शोधून या लग्नाचं समर्थन केलं. तोच माधव विधवेच्या बाबतीत मात्र 'युगान्तर' म्हणतो.

कोनाडा

'फक्त आपल्याकडेच' याबद्दल थोडक्यात.

ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात दर सातव्या वर्षी कर्जं माफ होतात. परिणाम असा की सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कुणी कर्जच देईना. हिलेल या धर्मपंडिताने 'प्रोझबुल' काढला: सावकाराने लेखी द्यायचं की माझी येणी मी न्यायालयाच्या हवाली करतो. माफी खाजगी येण्याला, न्यायालयाच्या येण्याला नाही. तोराचं अक्षर हललं नाही आणि कर्ज पुन्हा मिळू लागलं. इ.स. १००० च्या सुमारास माइन्त्सच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावाने दुसरी बायको करण्यावर बहिष्काराची बंदी आली. तोरात बहुपत्नीत्व चालतं हे कुणी नाकारलं नाही. हा तर उघडच 'साधूंचा समय' झाला.

कॅथलिक चर्चमध्ये व्याजाचं बघा. उसन्या पैशावर उसने दिले म्हणून जादा घेणं पाप. पण परतफेड लांबल्याने झालेलं नुकसान, किंवा तो पैसा हाताशी नसल्याने बुडालेला नफा, यांची भरपाई घेता येते असं धर्मपंडितांनी मान्य केलं. १७४५ साली पोप चौदाव्या बेनेडिक्टने व्याजाचा निषेध पुन्हा ठासून सांगितला, आणि त्याच पत्रात या बाहेरच्या कारणांना जागाही ठेवली. जुनं वाक्य उच्चारत नवीन व्यवहार चालू देणं ही कला सगळीकडे आहे. फरक इतकाच की तिकडे सही कुणाची ते सापडतं. आपल्याकडे सही 'महात्मभिः'.

शेवगाशेंग

माग काढण्याच्या क्रमाबद्दल राहिलं होतं. एका वेळी एकच आचार घ्या. श्रौत किंवा गृह्यसूत्रापासून सुरुवात करा, मग धर्मसूत्रं (आपस्तंब, बौधायन, गौतम), मग मनू, याज्ञवल्क्य, नारद. इथवर विधी काय होता ते कळतं. बदल कळतो तो टीकांमध्ये: मनूवर मेधातिथी, याज्ञवल्क्यावर मिताक्षरा. त्यानंतर स्मृतिचंद्रिका, हेमाद्री, पराशरमाधव. शेवटी कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू (१७९०). कलिवर्ज्याची सलग चर्चा निर्णयसिंधूच्या तिसऱ्या परिच्छेदात मिळेल. पण महाराष्ट्रात घराघरांत वापरला गेला तो धर्मसिंधू, कारण त्यात वाद गाळून फक्त निर्णय दिलाय. त्यामुळे धर्मसिंधूपासून सुरुवात केली तर बदल दिसतच नाही, सगळं अनादि काळापासून असंच होतं असं वाटतं. सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच फसतात.

दुसरी चूक पुराणांच्या नावांची. निबंधकार 'इति आदित्यपुराणे', 'इति ब्रह्मपुराणे' म्हणतात म्हणून छापील पोथी उघडावी तर तिथे तो श्लोक सापडेलच असं नाही. बृहन्नारदीयात काही श्लोक सापडतात. न सापडल्यास 'अमुक पुराणात आहे' असं लिहू नका, 'हेमाद्री अमुक पुराणाच्या नावाने देतो' असं लिहा. तारीख श्लोकाला नसते, तो पहिल्यांदा उद्धृत करणाऱ्या ग्रंथाला असते.

तिसरी, निषेध सापडला म्हणजे आचार थांबला असं धरणं. काही निषेध केव्हाच मेलेल्या गोष्टींवर आहेत, नरमेधासारख्या. काही जोरात चालू असलेल्या गोष्टींवर, मामेबहिणीसारख्या. कोणता कुठला हे ग्रंथातून कळत नाही. त्यासाठी शिलालेख, ताम्रपट, महजर (सभेच्या निवाड्याचे कागद), निवाडापत्रं बघावी लागतात.

आणि 'द्विजातिभिः' हा शब्द गाळून वाचू नका. यादीतल्या कित्येक ओळी फक्त द्विजांना उद्देशून आहेत. मराठी मुलखातल्या बहुसंख्य जातींत पाटाचं लग्न (विधवेचं दुसरं लग्न) राजरोस चालत होतं, कलिवर्ज्य असो नसो.

पाचुंदा

यात इंग्रजी अमदानीची भर घालतो. कोर्टाने मिताक्षरा आणि इतर निबंध हाताशी धरले, त्यामुळे टीकाकारांची पुढची पिढी जे हळूच वाकवू शकली असती ते निकालांमध्ये गोठलं. दत्तकाबाहेरचे पुत्र हे त्यातलंच. १८६८ साली मदुरेच्या रामनाड जमीनदारीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हटलं की हिंदू कायद्यात रूढी स्पष्ट सिद्ध झाली तर ती लिखित वचनावर मात करते. बौधायनाच्या देशाचाराचाच हा दूरचा नातेवाईक, फक्त आता रूढी पुराव्याने सिद्ध करायला वकील लागत होता.

१९३०च्या दशकात लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळातल्या शास्त्र्यांनी, रघुनाथशास्त्री कोकजे, लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पडदा काढला. धर्म बदलत आलाय आणि विचारपूर्वक बदलावा, असं त्यांनी उघड मांडलं. युगाच्या आडून बोलायचं नाही असं एकदा ठरवल्यावर अडचण वेगळी येते. जुन्या पद्धतीत 'मी नाही, कलियुगाने बदललं' असं म्हणता यायचं, आणि सनातनी घरातही ते गिळलं जायचं. उघड ठरावाला 'तुम्ही कोण?' हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारला गेलाच.

तळटीप

आणि मामेबहीण अजून मिटलेली नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं एकमेकांना निषिद्ध आहेत. मातेकडून तीन आणि पित्याकडून पाच पिढ्यांपर्यंत सपिंड विवाह चालत नाही. पण दोन्ही ठिकाणी एक शेपूट जोडलंय: दोघांपैकी प्रत्येकाच्या रूढीने परवानगी असेल तर चालेल. दोघांपैकी प्रत्येकाच्या, म्हणजे एका बाजूची रूढी दाखवून भागत नाही. उत्तरेतलं घर आणि दक्षिणेतलं घर अशी गाठ पडली तर बौधायनाने जिथे सोडलं तिथूनच वाद सुरू होतो.